कार्बॉलिक आम्ल (वैद्यकातील वापर)

दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणारे जंतुनाशक. रासायनिक नाव फिनॉल. जर्मन रसायनज्ञ रुंगे यांनी ते १८३४ मध्ये वेगळे काढले. जंतूंच्या पेशीतील प्रथिने गोठवून ते त्यांना मारते, पण माणसाच्या कातडीलाही सोडत नाही. तीव्र द्राव लागला की कातडी पांढरी पडते आणि बधिर होते, त्यामुळे भाजल्याचे उशिरा कळते.

कार्लाइल या इंग्लंडमधील गावी सांडपाण्याची घाण मारायला ते वापरत. त्यावरून ब्रिटिश शल्यवैद्य जोसेफ लिस्टर यांनी ते जखमेवर वापरायचे ठरवले. ऑगस्ट १८६५ मध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात एक ११ वर्षांचा मुलगा आला. गाडीखाली सापडून पायाचे हाड मोडले होते व तिथे जखमही होती. अशा वेळी पाय कापणे हाच तेव्हाचा रिवाज. लिस्टर यांनी कार्बॉलिकमध्ये भिजवलेली पट्टी बांधली. सहा आठवड्यांत हाड सांधले.

पुढे त्यांनी हवेतील जंतूंचा धसका घेतला. शस्त्रक्रिया चालू असताना कार्बॉलिकचा फवारा सुरू झाला आणि रुग्णाबरोबर वैद्यही भिजू लागले. खरा धोका हात, हत्यारे आणि पट्ट्यांचा होता. शेवटी लिस्टर यांनीच फवारा सोडला, आणि आपण त्याची शिफारस केली याची लाज वाटते असेही १८९० मध्ये सांगितले. असा कबुलीजबाब देणारे वैद्य थोडेच.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा गटारे कार्बॉलिक मिसळलेल्या समुद्राच्या पाण्याने धुतली गेली. रोग उंदरांवरच्या पिसवांतून पसरत होता, त्यामुळे या धुण्याचा उपयोग बेताचाच. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेल्या प्लेगच्या लशीत मात्र हेच आम्ल अल्प प्रमाणात, लस नासू नये म्हणून असे. पुढे त्यांच्या परळच्या प्रयोगशाळेने ते वगळून केवळ उष्णतेवर भर दिला. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले आणि ठपका या बदलावर व हाफकिन यांच्यावर आला. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, ही बाब आधी मागे राहिली. हाफकिन १९०७ मध्ये दोषमुक्त झाले.

जखमेवर कार्बॉलिक आता लावत नाहीत. ते अंगात शोषले जाऊन विषबाधा होते. मांसात रुतणाऱ्या नखाचे मूळ जाळायला ते अजून वापरतात. इन्सुलिनच्या कुपीला येणारा दवाखान्याचा वास पुष्कळदा फिनॉल किंवा त्याच्याच कुळातल्या क्रेसॉलचा असतो.