थांबा, उत्तर सांगू नका

डेनिस कॉम्प्टन हा इंग्लंडचा फलंदाज रणजी करंडकात कोणत्या संघाकडून खेळला? गणेशोत्सवातल्या प्रश्नमंजूषेत हा प्रश्न आला की इंदूरच्या मराठी मंडळांत मागच्या रांगेतून एखादे आजोबा हात वर करतातच. उत्तर आहे होळकर संघ. पण आजोबा तेवढ्यावर थांबत नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉम्प्टनची नेमणूक इंदूरजवळच्या महूच्या लष्करी छावणीत होती, म्हणून तो आपल्याला मिळाला. १९४४-४५च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्याने नाबाद २४९ धावा काढल्या. तरी सामना गेला, आणि पुढच्याच मोसमात होळकर संघाने करंडक आणला. हे सगळं त्यांनी कधी पाठ केलेलं नसतं.

त्याच आजोबांना पुढचा प्रश्न विचारा. शेतातल्या काडीकचऱ्यापासून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ जगभर पोहोचवणारा इंग्रज शास्त्रज्ञ कोण? आता त्यांचा चेहरा बदलतो. डोळे मिटले जातात. “माहितीये मला. थांबा, सांगू नका. ‘ह’वरून आहे काहीतरी…”

प्रश्नमंजूषेतला हाच क्षण मला सगळ्यात मोलाचा वाटतो. बरोबर उत्तराला टाळ्या मिळतात, पण डोक्यात खरी घडामोड चालते ती या ‘थांबा’ आणि उत्तर यांच्या मधल्या काही सेकंदांत. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी गेली कित्येक दशकं हे सेकंद तपासले आहेत, आणि त्यासाठी त्यांनी वापरलेलं साधन बहुतेकदा आपल्या क्विझमध्ये असतात तसले साधे प्रश्नच आहेत.

१९६६ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी विद्यार्थ्यांना क्वचित वापरल्या जाणाऱ्या शब्दांचे अर्थ वाचून दाखवले आणि शब्द ओळखायला सांगितलं. शब्द जिभेवर येऊन अडकला की ते विचारत, पहिलं अक्षर कोणतं वाटतं? शब्द सांगता न येणाऱ्यांनाही निम्म्याहून जास्त वेळा पहिलं अक्षर बरोबर सांगता आलं. शब्दाची लांबीही बऱ्याचदा जुळली. म्हणजे माहिती पुसली गेलेली नव्हती. अर्थ हाती लागला होता, उच्चाराचा काही भागही लागला होता, उरलेला येत नव्हता. मेंदूत शब्दाचा अर्थ आणि त्याचा ध्वनी वेगवेगळे साठवलेले असतात, आणि त्यांना जोडणारा दुवा फार दिवस वापरला नाही तर सैल पडतो.

विशेषनामांच्या बाबतीत तर हा दुवा मुळातच बारीक असतो. ब्रिटनमध्ये १९८७ साली एक सुरेख प्रयोग झाला. लोकांना चेहरे दाखवून काहींचं आडनाव सांगितलं, काहींचा व्यवसाय, आणि दोन्हीकडे शब्द तेच ठेवले. आपल्याकडे करायचं तर एकाची ओळख ‘हे सुतार’ अशी आडनावाने करून द्यायची आणि दुसऱ्याची ‘हे सुतारकाम करतात’ अशी. शब्द तोच, तरी व्यवसाय सहज आठवला आणि आडनाव निसटलं. सुतारकाम म्हटलं की रंधा, भुसा, लाकडाचा वास असं सगळं सोबत येतं. नुसत्या आडनावासोबत काहीच येत नाही.

वय वाढतं तसा हा नावांचा अडथळा वाढतो, हे खरं. पण त्याच वयात एकूण शब्दसंग्रह आणि सामान्यज्ञान चांगलं टिकतं, पुष्कळदा तरुणांपेक्षा जास्तच असतं. म्हणून ज्या घरांत आजी-आजोबा “आता काही लक्षात राहत नाही हो” म्हणत क्विझमधून अंग काढून घेतात, तिथे त्यांना आग्रहाने बसवावं. एखादं नाव अडलं म्हणजे ज्ञान गेलं असं नाही.

तर ते ‘ह’वाले शास्त्रज्ञ म्हणजे अल्बर्ट हॉवर्ड. १९२४ ते १९३१ या काळात ते इंदूरच्या कृषी संशोधन संस्थेत होते. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचायचे, ओल राखायची आणि ठरावीक दिवसांनी ढीग उलटायचा. उलटल्यामुळे आत हवा जाते आणि हवेवर जगणारे सूक्ष्मजीव भराभर काम करतात. काडीकचऱ्यात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन कमी, शेण-गोमूत्रात नायट्रोजन जास्त; दोन्हींचा मेळ बसला की ढीग तापतो आणि काही महिन्यांत काळंभोर खत तयार होतं. १९३१ साली हॉवर्डनी या पद्धतीवर जे पुस्तक काढलं, त्यावर त्यांच्यासोबत दुसरं नाव आहे यशवंत वाड. हे नाव प्रश्नमंजूषांमध्ये कधी येत नाही आणि मला त्याचं वाईट वाटतं. ते यायला हवं.

आता मुद्दा शिकण्याचा. इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या खोल्यांमधून राज्यसेवेची तयारी करणारी मुलं एका ओळीत एक माहिती देणारी जाडजूड पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचत असतात. कष्टांत कसूर नसते. पण २००६ साली अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी केलेला प्रयोग त्यांनी जरूर समजून घ्यावा. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदाच वाचून, मग तो मिटून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने चित्र उलटलं. दोनदा वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के उरलं होतं, आठवून लिहिणाऱ्यांकडे ५६ टक्के. दुसऱ्यांदा वाचताना ओळखीचं वाटतं आणि येतंय असा भास होतो. आठवून काढताना मात्र तो सैल दुवा खरोखर वापरला जातो, आणि वापरल्यानेच घट्ट होतो.

प्रश्न कसा विचारला यानेही फरक पडतो. ‘कर्कवृत्त भारतातल्या आठ राज्यांतून जातं’ ही झाली घोकण्याची ओळ. त्याऐवजी विचारा, इंदूर कर्कवृत्ताच्या उत्तरेला की दक्षिणेला? कर्कवृत्त सुमारे २३.४ अंशांवर, इंदूर २२.७ अंशांवर, म्हणजे आपण किंचित दक्षिणेला. त्यामुळे २१ जूनच्या थोडं आधी आणि थोडं नंतर, असा वर्षातून दोनदा सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ग्वाल्हेरला हे कधीच घडत नाही. असं उत्तर एकदा स्वतः काढलं की ते सहसा सुटत नाही.

आणि उत्तर चुकलं तर? उत्तमच, फक्त लगेच दुरुस्ती व्हायला हवी. अहिल्यादेवी होळकरांची राजधानी कोणती असं विचारलं की इंदुरी मुलं छातीठोकपणे ‘इंदूर!’ म्हणतात. विमानतळाला त्यांचं नाव, विद्यापीठाला त्यांचं नाव, राजवाड्यासमोर त्यांचा पुतळा. दुसरं काही सुचणार कसं? पण राजधानी होती नर्मदाकाठचं महेश्वर. ती इंदूरला आली १८१८ साली, अहिल्यादेवींच्या निधनानंतर २३ वर्षांनी. कोलंबिया विद्यापीठात २००१ साली झालेल्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं: चुकीचं उत्तर जितक्या खात्रीने दिलेलं असतं, तितकी त्याची दुरुस्ती जास्त पक्की बसते. खात्रीला धक्का बसला की लक्ष एकदम तिकडे वळतं.

उत्सुकतेचंही तसंच. २०१४ साली कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारून उत्तर मुद्दाम १४ सेकंद रोखून धरलं, आणि मधल्या वेळात एक अनोळखी चेहरा दाखवला. ज्या प्रश्नांची उत्सुकता जास्त होती, त्यांची उत्तरं तर चांगली लक्षात राहिलीच, पण त्या वेळी दिसलेले, प्रश्नाशी काडीचाही संबंध नसलेले चेहरेही जास्त लक्षात राहिले. उत्तराची वाट पाहणारा मेंदू समोर येईल ते टिपून घ्यायला तयार असतो.

मग किती वेळ थांबावं? इथे सूत्रसंचालकांनी काळजी घ्यायला हवी. कॅनडात २००८ साली एमी बेथ वॉरिनर आणि कॅरिन हम्फ्रीज यांनी शब्द जिभेवर अडकलेल्या लोकांना काही वेळा १० सेकंद आणि काही वेळा ३० सेकंद तसंच ठेवून मग उत्तर सांगितलं. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, तर जिथे जास्त वेळ झुंजावं लागलं होतं त्याच शब्दांवर लोक पुन्हा अडकण्याची शक्यता जास्त निघाली. अडकण्याचाही सराव होतो! म्हणून आजोबा “थांबा” म्हणाले की थोडं थांबावं, मग पहिलं अक्षर द्यावं, तरी नाही आलं तर दुसरं. थेट उत्तर शेवटी.

राहिला प्रश्न, तेच पुन्हा कधी विचारायचं. २००८ सालीच निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी १,३५० हून जास्त लोकांना सहसा कुणाला ठाऊक नसलेल्या काही गोष्टी शिकवल्या, वेगवेगळ्या अंतराने उजळणी घेतली आणि त्यानंतर वेगवेगळ्या काळाने परीक्षा घेतली. परीक्षा आठवड्याने होणार असेल, तर एका दिवसाने केलेली उजळणी उत्तम ठरली. जवळपास वर्षाने होणार असेल, तर सुमारे तीन आठवड्यांनी केलेली. आपल्या मंडळांना हे पंचांगानेच जुळवून दिलं आहे. इंदूरच्या गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, निघतात त्या अनंत चतुर्दशीपासून साधारण तीन आठवडे मोजले की आपण ऐन नवरात्रात असतो. गणपतीतले प्रश्न फेकून न देता तेच तेव्हा पुन्हा काढावेत, क्रम बदलून, आणि यशवंत वाडांचा प्रश्न त्यात घालून.