बरं वाटतं, तिथंच फसगत होते

रात्रीचे साडेअकरा. उद्या सकाळी एक अवघड फोन करायचा आहे आणि त्या विचारानं पोटात गोळा आलाय. हात आपोआप मोबाइलकडं जातो. ‘पाचच मिनिटं’ म्हणून सुरू केलेले व्हिडिओ दीड वाजता थांबतात. मधल्या दोन तासांत त्या फोनची आठवणसुद्धा झाली नाही. म्हणजे उपाय लागू पडला की!

खरी गोम इथंच आहे. मनावरचा ताण हलका करणाऱ्या घातक सवयी ओळखू येत नाहीत, कारण त्या कामाला येतात आणि त्याही ताबडतोब. वर्तनाच्या अभ्यासात याला ‘ऋण प्रबलन’ म्हणतात. नाव शिक्षेसारखं वाटतं, पण अर्थ सुटकेचा आहे. एखाद्या कृतीनं नकोशी गोष्ट दूर झाली की मेंदू ती कृती पक्की करून ठेवतो. मग तो दारूचा घोट असो, भूक नसताना खाणं असो, उगाच केलेली खरेदी असो किंवा ‘उद्या बघू’ असो. मेंदूचा हा हिशेब मात्र पहिल्या काही मिनिटांपुरताच चालतो. दुसऱ्या दिवशीचं जड डोकं आणि ओशाळलेपण त्यात फारसं धरलं जात नाही. शिवाय जी गोष्ट टाळली, तिची भीती तशीच राहते. ती आपल्याला झेपते हे कळायची संधीच आपण घेतलेली नसते.

त्यामुळं नुसत्या कृतीवरून निवाडा करता येत नाही. भांडणानंतर फिरून येणं हा उत्तम उपाय आहे. प्रत्येक वेळी बोलणं निघालं की चप्पल घालून बाहेर पडणं, ही पळवाट. बघायचं ते नंतरचं. मूळ प्रश्न होता तिथंच आहे का? तेवढ्याच आरामासाठी मात्रा वाढत चालली आहे का? घरच्यांपासून ही सवय लपवावी लागते का? आणि मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न: या सवयीपायी माणसं, कामं, ठिकाणं एकेक करून गळत चालली आहेत का? दारू किंवा गोळ्यांवाचून दिवस निघत नसेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर लेख वाचत बसू नये; जवळच्या कुणाला तरी सांगून डॉक्टरांना गाठावं. (बरीच वर्षं रोज भरपूर दारू पिणाऱ्यानं ती एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं.)

काही सवयी तर शहाणपणाचा सदरा घालून येतात. ‘राग मोकळा करावा, वाफ जाऊ द्यावी’ हा सल्ला घ्या. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आधी चिडवलं. मग काहींना, चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितले, तर काहींना नुसतं शांत बसवलं. ठोसे मारणाऱ्यांचा राग जास्त राहिला. डोकं म्हणजे प्रेशर कुकर नव्हे.

दुसरी सवय कुढण्याची. एकच गोष्ट पुन्हापुन्हा उगाळताना आपण प्रश्नावर विचार करतोय असं वाटत राहतं, पण हाती काही लागत नाही. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकडून कुढण्याच्या सवयीची माहिती घेतली होती आणि 14 दिवसांनी, 1989 च्या ऑक्टोबरमध्ये, तिथं मोठा भूकंप झाला. असा योग ठरवून जुळत नाही. सात आठवड्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा आधीपासून कुढणाऱ्यांमध्ये खिन्नतेची लक्षणं जास्त होती.

मग भावना दाबून टाकायची का? तेही जमत नाही. वरून चेहरा शांत ठेवला तरी आत शरीरावरचा ताण चढाच राहतो.

मधली वाट साधी आहे, जवळजवळ बाळबोध: भावनेला नाव द्यायचं. मेंदूचे अभ्यासक मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 साली मेंदूचं स्कॅनिंग करून दाखवलं, की रागावलेला किंवा घाबरलेला चेहरा पाहताना त्या भावनेला शब्द दिला, तर भीतीसारख्या भावनांशी निगडित असलेल्या अमिग्डला या मेंदूच्या भागातली सक्रियता कमी होते. आपण मात्र सगळ्यालाच ‘टेन्शन’ म्हणून मोकळे होतो. खरं तर घालमेल वेगळी, हुरहूर वेगळी. चडफड वेगळी आणि असूया वेगळी. घालमेल असेल तर काहीतरी ठरवायचं राहिलंय, अपराधीपण असेल तर कुणाशी तरी बोलायचं राहिलंय. ‘टेन्शन’वर उपाय सापडत नाही, यांच्यावर सापडू शकतो.

लिहिणं हा त्याचाच जरा विस्तारानं करायचा प्रकार. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक घटनेबद्दल लिहायला सांगितलं. काय घडलं आणि त्या वेळी काय वाटलं, दोन्ही लिहिणारे पुढचे सहा महिने दवाखान्यात कमी वेळा गेले. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम तसा लहानच निघाला, हेही सांगायला हवं. पण त्या प्रयोगातली एक नोंद मला जास्त बोलकी वाटते. लिहून झाल्याबरोबर त्या मुलांना हलकं वाटलं नव्हतं. त्यांचा रक्तदाब वाढलेला होता आणि ती आधीपेक्षा जास्त उदास होती.