नंबर प्लेटवरच्या अक्षरांना इतके नियम का?

1893 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या पोलिसांनी आदेश काढला: प्रत्येक मोटारगाडीवर मालकाचे नाव, पत्ता आणि क्रमांक असलेली धातूची पट्टी लावा, ती डाव्या बाजूला असू द्या आणि कधीही झाकू नका. अक्षरांच्या वळणाची तेव्हा कुणाला फिकीर नव्हती. ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 1904 पासून नोंदणी क्रमांक सक्तीचा झाला, तेव्हाही रस्त्यावरच्या शिपायाला तो वाचता आला की भागत असे.

पुढे पसंतीचे क्रमांक विकले जाऊ लागले आणि एक घोळ सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. शुल्क भरून हवा तो क्रमांक घेणे अनेक देशांत कायदेशीर आहे. प्लेटचा फॉन्ट, अंतर किंवा पृष्ठभाग बदलायची मुभा मात्र त्या पैशांत मिळत नाही.

खरी कडकाई आली ती जर्मनीतून. 1970 च्या दशकात तिथे दहशतवादी गट काळी चिकटपट्टी किंवा रंग वापरून क्रमांक बदलत. रोमन ‘पी’ला एक तिरकी रेघ जोडली की ‘आर’, ‘एफ’ला खाली आडवी रेघ दिली की ‘ई’. म्हणून प्रत्येक अक्षराची ठेवण मुद्दाम वेगळी असलेला फॉन्ट तयार झाला. दिसायला तो ओबडधोबड आहे, पण त्यात रेघ जोडली की खाडाखोड लगेच उघडी पडते. 2000 पासून तिथल्या नव्या प्लेट्सना तोच सक्तीचा आहे.

दरम्यान वाचणाराच बदलला. 1976 मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या संशोधन शाखेने क्रमांक आपोआप वाचणारी यंत्रणा विकसित केली. असे कॅमेरे बहुधा इन्फ्रारेड प्रकाश टाकतात. परावर्तक पृष्ठभाग तो आल्या दिशेने परत फेकतो आणि काळी अक्षरे उठून दिसतात. धुरकट कव्हर किंवा टिंट लावले की हा फरक पुसट होतो. माणसाला दिसणारा क्रमांक कॅमेऱ्याला दिसेलच असे नाही. दोन अंकांच्या मध्ये ठोकलेला काळा स्क्रू तर अंकाचाच भाग बनतो, आणि चुकून वाचलेला क्रमांक दुसऱ्याच कुणाचा असला तर दंडाची नोटीस त्याच्या घरी जाते.

म्हणूनच ब्रिटनचे नियम मिलिमीटरमध्ये आहेत: अक्षराची उंची 79, रुंदी 50, रेघेची जाडी 14, दोन अक्षरांत अंतर 11 आणि अक्षरांच्या दोन गटांत 33. क्रमांक एखादे नाव वाटावा म्हणून अंतर सरकवले तर 1,000 पौंडांपर्यंत दंड होतो, वार्षिक तपासणीत गाडी नापास होते, ते वेगळेच. 1 सप्टेंबर 2021 पासून बसवलेल्या नव्या प्लेटवर दोन रंगछटांची ‘थ्रीडी’ अक्षरेही चालत नाहीत. अक्षर एकसंध काळेच हवे.

भारताने उपाय थेट प्लेटमध्येच घातला. 2001 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 50 बदलून उच्च सुरक्षा प्लेट आणली गेली: क्रोमियमचा होलोग्राम, लेसरने कोरलेला प्लेटचा स्वतःचा कायमचा क्रमांक, अक्षरांवर 45 अंशांत ‘इंडिया’ छापलेली फिल्म आणि एकदाच वापरता येणारे स्नॅप लॉक. प्लेट उतरवली की हे लॉक तुटते. त्यामुळे बंपरचे काम करून जुनीच प्लेट साध्या स्क्रूने परत लावली, तर क्रमांक खरा असूनही ती नियमात बसत नाही.