ठाण्याला आलेलं पहिलं इंजिन ‘अख्खं बिडाचं’ नव्हतं

१६ एप्रिल जवळ आला की ठाण्यात एक माहिती हमखास फिरते: १८५३ साली बोरीबंदरहून गाडी ओढत आलेली साहिब, सिंध, सुलतान ही इंजिनं अख्खी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, होती. तसं असतं तर बॉयलर, म्हणजे पाण्याची वाफ करणारं पिंप, टिकलाच नसता. बीड दाब सोसतं, ताण नाही. आतल्या वाफेने पिंप ताणलं जातं आणि बीड न वाकता थेट तडकतं.

त्या काळी बॉयलर घडीव लोखंडाच्या पत्र्यांचा असे. पत्रे गोल वाकवून, कडा एकावर एक घेऊन, भोकांत लालबुंद रिव्हेट (जाड लोखंडी खिळे) ठोकत. रिव्हेट थंड होताना आकसतं आणि पत्रे आवळतं. मग कड छिन्नीने ठोकून सांध बुजवायची. आतली भट्टी मात्र तांब्याची, कारण तांबं उष्णता झटकन पाण्याला देतं. पाणी भट्टीच्या छताखाली गेलं की तेच तांबं मऊ पडून छत खचतं. म्हणून छतात शिशाचा बूच: शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, वाफ भट्टीत घुसते, चालकाला इशारा मिळतो. (बुचावर क्षार साचले तर तोही दगा देतो.)

बीड होतं, पण सिलिंडरांत, म्हणजे वाफ जिथे दट्ट्या ढकलते त्या नळकांड्यांत: किचकट आकार सहज ओतता येतो आणि त्यातलं ग्राफाइट घर्षण कमी करतं.