कॅमेरा आधी, अंतर नंतर : दूरस्थ पाठनिरीक्षणाची पार्श्वभूमी

वर्गाच्या मागच्या बाकावर निरीक्षणवही उघडून बसलेले प्राध्यापक, फळ्यापाशी घशाला कोरड पडलेला छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्याचे शिक्षण घेणारा विद्यार्थी, आणि दोघांकडे आळीपाळीने पाहणारी मुले, हे दृश्य अध्यापक महाविद्यालयाशी संबंध आलेल्या कोणालाही परिचयाचे आहे. निरीक्षक शाळेपर्यंत पोहोचू शकतो, हे त्यात गृहीत धरलेले असते. महाविद्यालये शहरांत आणि तालुक्याच्या गावी निघाली, सराव पाठांसाठी त्यांना जवळच्या शाळा सोयीच्या वाटल्या आणि एसटीच्या एक-दोन फेऱ्यांवर अवलंबून असलेल्या वाड्यावस्त्यांवरील शाळा या व्यवस्थेच्या कडेला राहिल्या. अशा शाळांतील पाठ चित्रीकरणाच्या किंवा थेट प्रक्षेपणाच्या साहाय्याने दुरून पाहण्याची कल्पना 2020 च्या टाळेबंदीमुळे बोलण्यात आली. तिची मुळे मात्र साठ वर्षे मागे जातात आणि त्यांचा आरंभी अंतराशी काहीही संबंध नव्हता.

1963 मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापनाची पद्धत विकसित केली. मोजके विद्यार्थी, काही मिनिटांचा पाठ आणि एका वेळी एकाच कौशल्याचा सराव, असे तिचे स्वरूप होते. चित्रफीत मुद्रित करणारी यंत्रे त्या सुमारास शिक्षणसंस्थांच्या आवाक्यात येऊ लागली होती आणि पाठ संपताच शिकाऊ शिक्षकाला स्वतःचे शिकवणे पडद्यावर पाहता येणे हे या पद्धतीचे मोठे आकर्षण ठरले. मार्गदर्शक तिथेच, शेजारी बसलेला असे. कॅमेरा त्याच्याऐवजी आणलेला नव्हता. शिकणाऱ्याला आपली चूक आपल्या डोळ्यांनी दिसावी, एवढ्यासाठी तो होता.

भारतात ही पद्धत 1967 च्या सुमारास अलाहाबादला डी. डी. तिवारी यांच्या प्रयत्नांतून पोहोचली आणि पुढील दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी. के. पासी व इतरांच्या कामातून तिला भारतीय रूप मिळाले. त्या काळातील महाविद्यालयांना चित्रफीत यंत्र परवडणारे नव्हते. म्हणून यंत्र वगळण्यात आले, विद्यार्थ्यांच्या जागी सहछात्राध्यापक बसले आणि प्रत्याभरणाचे, म्हणजे पाठ कसा झाला हे सांगण्याचे, काम प्राध्यापक व सहकारी निरीक्षकांकडे गेले. अध्यापन 6 मिनिटे, प्रत्याभरण 6, पुनर्नियोजन 12, पुनरध्यापन 6 आणि पुनर्प्रत्याभरण 6, असे 36 मिनिटांचे जे चक्र बी.एड.च्या पिढ्यान्‌पिढ्यांनी पाठ केले, ते या तडजोडीतून आलेले आहे. कॅमेऱ्याचा हात धरून वाढलेली पद्धत आपल्याकडे कॅमेऱ्याविना रुजली आणि तिने काम भागवले, हेही मान्य करायला हवे.

अंतर ओलांडण्याचा प्रयत्न भारतात झाला तो वेगळ्याच वाटेने. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या काळात ‘साइट’ प्रयोगांतर्गत अमेरिकेच्या एटीएस-6 या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे 2400 गावांत दूरचित्रवाणी कार्यक्रम पोहोचवले गेले आणि त्यांत प्राथमिक शिक्षकांच्या विज्ञान प्रशिक्षणाचाही समावेश होता. 20 सप्टेंबर 2004 रोजी शिक्षणासाठीचा ‘एज्युसॅट’ उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या प्राथमिक टप्प्यातील चाचण्यांत नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही सहभागी होते. हे प्रयत्न मोठे होते, पण त्यांत चित्राची वाट प्रामुख्याने केंद्राकडून गावाकडे जाणारी होती. मधल्या काळात, 1996 मध्ये, कर्नाटकात दुतर्फा दृक्-श्राव्य संवादातून शिक्षक-प्रशिक्षण झाले, पण तिथेही शिक्षक प्रशिक्षण केंद्रात बसलेले होते, आपल्या वर्गात उभे नव्हते. पाठनिरीक्षणाला नेमके उलटे हवे असते: गावातील वर्ग केंद्राला दिसला पाहिजे. त्यासाठी उपग्रहाच्या उतरत्या लहरी पुरत नाहीत, शाळेतून चित्र बाहेर पाठवण्याची सोय लागते, आणि ती स्वस्त मोबाइल इंटरनेट येईपर्यंत खेड्यात जवळजवळ नव्हतीच.

अमेरिकेत कॅमेरा आणि अंतर या दोन धाग्यांची गाठ आधी पडली. प्रशिक्षणार्थ्याच्या कानात लहानसे यंत्र बसवून त्याला काम चालू असतानाच हळूच सूचना देण्याचा प्रकार 1950 च्या दशकात मानसोपचाराच्या प्रशिक्षणात सुरू झाला होता आणि पुढे तो शिक्षक-प्रशिक्षणात आला. अलाबामा विद्यापीठात मार्सिया रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात त्याला वेबकॅमेरा, स्काइप आणि ब्लूटूथ यांची जोड दिली; त्यामुळे मैलोगणती दूर बसलेला मार्गदर्शक वर्ग पाहत शिक्षकाच्या कानात बोलू शकला. पाठ चालू असताना सूचना देणे हे निरीक्षणवहीला कधीच जमलेले नव्हते. दुसरीकडे, 2013 पासून तिथल्या अनेक राज्यांत वापरात आलेल्या ‘एडटीपीए’ या शिक्षक-परवान्यासाठीच्या मूल्यमापनात उमेदवाराने स्वतःच्या पाठाची विनासंपादित चित्रफीत जोडायची असे. स्वतःला पाहण्यासाठी आलेला कॅमेरा अशा रीतीने परीक्षकाच्या हाती गेला. हा बदल निरुपद्रवी होता असे वाटत नाही, कारण चूक दिसण्यासाठी केलेले चित्रीकरण आणि चूक दिसू नये म्हणून केलेले चित्रीकरण यांत फरक पडतोच.

आपल्याकडे दुरून पाठ पाहण्याच्या प्रश्नाला निकड आणली ती अभ्यासक्रमाच्या लांबीने. महाराष्ट्रातील 291 डी.एड. संस्थांच्या मान्यतेच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा आयोगाने 2012 मध्ये अहवाल दिला, राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेचे नवे नियम 2014 मध्ये आले आणि 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. शालेय अनुभवासाठी आता 20 आठवडे राखलेले आहेत. मोजक्या सराव पाठांना हजेरी लावणे जमत होते. विखुरलेल्या शाळांत महिनोन्‌महिने राहणाऱ्या प्रत्येक छात्राध्यापकाकडे वारंवार जाणे प्राध्यापकांना कठीण आहे.

ग्रामीण वर्गाची रचनाही कॅमेऱ्याला सहज सापडणारी नाही. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीत 60 पर्यंत मुले असलेल्या शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे एका शिक्षकासमोर एकाच वेळी दोन-तीन इयत्ता बसलेल्या असतात. तिपाईवरचा मोबाइल त्यांतील एका गटाकडे वळतो आणि दुसरा गट त्या वेळी काय करत होता, ज्यात बहुवर्ग अध्यापनाचे खरे कौशल्य असते, ते चौकटीबाहेर राहते. पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमतो आणि मागच्या मुलाचे हळू आवाजातील उत्तर ऐकू येत नाही. नंदुरबार किंवा गडचिरोलीकडील शाळांत मुले आपसात पावरी किंवा माडिया बोलत असतील, तर ते न कळणे प्रत्यक्ष गेलेल्या निरीक्षकाच्याही वाट्याला येते; चित्रित केलेला पाठ मात्र ती भाषा जाणणाऱ्या स्थानिक शिक्षकाला दाखवून विचारता येतो.

निरीक्षणवहीत मुलांचे चेहरे नसत, चित्रफितीत ते असतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली आहे, आणि हंगामात ऊसतोडीला गेलेल्या पालकांकडून ती मिळवण्याचे काम शेवटी त्याच शाळेच्या मुख्याध्यापकांकडे येते.