तास समजला, पण विषय आला का?

तास संपताना आपण विचारतो, ‘समजलं का?’ वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. तो ‘हो’ खोटा नसतो. फळ्यावरची मांडणी डोळ्यांसमोर असताना त्यांना खरंच समजलेलं असतं. पण ‘मला हे समजतं’ आणि ‘मला हे येतं’ ही मराठीत दोन निराळी वाक्यं आहेत. विद्यापीठातल्या अध्यापनाचा बराचसा घोळ या दोन क्रियापदांच्या अदलाबदलीतून होतो, असं माझं ठाम मत आहे.

समजणं ही त्या घटकेची जाणीव. एकेक पायरी पटत गेली, कुठे अडलं नाही, की मन म्हणतं, झालं. येणं म्हणजे फळा पुसल्यावर, आठ-पंधरा दिवसांनी, जरा वेगळं उदाहरण समोर आलं तरी ते आपलं आपण सोडवता येणं. (घोकून पाठ केलेलं यात धरू नका, उदाहरण बदललं की ते कोसळतं.) समजल्याची जाणीव आतून आपोआप होते. येतं की नाही, हे मात्र करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

या दोन गोष्टी नुसत्या वेगळ्या नाहीत, तर कधी कधी उलट दिशेनेही जातात. हार्वर्ड विद्यापीठात लुई डेलोरिये आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग म्हणूनच मला फार महत्त्वाचा वाटतो. पदार्थविज्ञानाच्या पहिल्या अभ्यासक्रमातल्या विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. विषय दोन: स्थिर समतोल आणि द्रवपदार्थ. एका विषयाला एका गटाला कसलेल्या प्राध्यापकाचं ओघवतं व्याख्यान मिळालं आणि दुसऱ्या गटाने तीच उदाहरणं आधी आपापसांत झगडून सोडवायचा प्रयत्न केला, मग उत्तर पाहिलं. पुढच्या विषयाला गटांची अदलाबदल. हातात दिलेले कागद दोन्हीकडे सारखेच. लगेच घेतलेल्या चाचणीत झगडलेल्या गटाचे गुण जास्त आले. पण ‘आज किती शिकलात?’ या प्रश्नावर जास्त शिकल्याची भावना व्याख्यान ऐकलेल्यांनी नोंदवली.

असं का व्हावं? व्याख्यानात अडखळण्याचं काम प्राध्यापकांनी घरीच उरकलेलं असतं. विद्यार्थ्यापर्यंत पोचते ती गुळगुळीत झालेली वाट, आणि वाटेचा गुळगुळीतपणा तो स्वतःच्या जमेला धरतो. उदाहरण स्वतः सोडवताना चूक होते, शेजारी वेगळं म्हणतो, डोकं शिणतं. नवख्याला हा शीण ‘मला जमत नाही’ असा वाटतो, पण शिकणं घडत असतं ते नेमकं तिथेच. शाना कार्पेंटर आणि सहकाऱ्यांचा 2013 चा प्रयोग याला दुजोरा देतो. जेमतेम मिनिटभराचा एकच मजकूर एका व्हिडिओत आत्मविश्वासाने, नजरेला नजर देऊन सांगितला होता आणि दुसऱ्यात कागदात बघत, चाचपडत. पहिला व्हिडिओ पाहिलेल्यांना वाटलं की आपल्याला जास्त आठवेल. प्रत्यक्षात दोघांना सारखंच आठवलं.

ही फसगत शिक्षकाचीही होते. एरिक मझूर हार्वर्डला पदार्थविज्ञान शिकवत होते. विद्यार्थ्यांचे अभिप्राय उत्तम, परीक्षेत अवघड उदाहरणंही सुटत होती. मग त्यांनी बलाच्या मूलभूत कल्पना तपासणारी, आकडेमोड नसलेली एक साधी चाचणी दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मी एरवी विचार करते तशी? म्हणजे सत्रभराचं शिकवणं तिच्या विचारापर्यंत पोचलंच नव्हतं. निकालही त्यांना हादरवणारा लागला. त्यातून 1991 पासून त्यांची सहाध्यायी-चर्चेची पद्धत उभी राहिली. कल्पनेला हात घालणारा एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवायचं. साधारण 30 ते 70 टक्के उत्तरं बरोबर असली तर शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगायचं आणि पुन्हा मत घ्यायचं. क्लिकर (बटण दाबून उत्तर नोंदवायचं छोटं यंत्र), मोबाइल किंवा रंगीत कागद, काहीही चालतं.

तंत्रज्ञानाकडे मी याच कसोटीने पाहते. व्हिडिओ किती जणांनी शेवटपर्यंत पाहिला, पोर्टलवर कोण किती वेळ होतं, हे आकडे फार तर पहिल्या गोष्टीच्या, म्हणजे समजण्याच्या, जवळपास जातात. व्हिडिओ मध्येच थांबवून विचारलेला एक प्रश्न दुसरीची, म्हणजे येण्याची, चाहूल देतो.

अभ्यासाच्या सवयीतही हीच गल्लत आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्याने चित्र उलटलं. आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना 42. पाच मिनिटांनंतर परीक्षा घेऊन थांबलो असतो तर आपण चुकीचाच सल्ला दिला असता.

मग सत्राअखेरीच्या अभिप्राय-अर्जांचं काय? ते बहुतांशी समजल्याची भावनाच मोजतात. बॉब अटल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा शिक्षकाला मिळालेले गुण आणि विद्यार्थ्यांचं शिकणं यांत म्हणण्यासारखा संबंध सापडला नाही. म्हणून अर्ज फेकून देऊ नयेत. आवाज मागपर्यंत येतो का, पेपर वेळेत परत मिळतात का, प्रश्न विचारायला भीती वाटते का, हे विद्यार्थ्यांइतकं कोण सांगणार? पण त्या आकड्यांवर कुणाची बढती ठरते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. उदाहरणं मुलांकडून सोडवून घेणाऱ्या शिक्षकाला त्यात तोटा होतो आणि पुढच्या वर्षी तो निमूटपणे व्याख्यानाकडे वळतो.

याचा अर्थ जितकं अवघड तितकं चांगलं, असाही नाही. पायाच नसलेल्याला नुसतं झगडायला लावलं तर तो बुडतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्योर्क ज्यांना इष्ट अडचणी म्हणतात, त्या थोड्या प्रयत्नाने पार होणाऱ्या असतात. आणि समजल्याच्या भावनेला शत्रू मानण्याचंही कारण नाही. ‘मी काहीच शिकत नाही’ असं वाटणारा विद्यार्थी वर्गात टिकत नाही. डेलोरिये आणि सहकाऱ्यांनी पुढे सत्राच्या सुरुवातीलाच विद्यार्थ्यांना हा फरक समजावून दिला, तेव्हा त्यांचं या पद्धतीविषयीचं मत सुधारलं.

नुसतं सांगण्यापेक्षा त्यांना तो दाखवता आला तर फारच छान. तासाच्या सुरुवातीला मागच्या आठवड्यातल्या भागावर पाच प्रश्न द्या, गुण नकोत. सोडवण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात लिहायला सांगा: यातले किती बरोबर येतील असं वाटतं? मग उत्तरं सांगा आणि खरा आकडा त्याच्या शेजारी लिहू द्या. कागद गोळा करून दोन आकड्यांतलं अंतर बघा, आणि त्या दिवसाचा तास कुठून सुरू करायचा ते त्यावरून ठरवा.