टीनएज रोड ट्रिपचे सिनेमे इतके ठोकळेबाज का झाले : पार्श्वभूमी

अमेरिकन टीनएज रोड ट्रिपपटाबद्दल प्रेक्षकांच्या दोन तक्रारी ठरलेल्या आहेत. पहिल्या वीस मिनिटांत शेवट कळतो आणि मधल्या प्रवासातलं काहीच खरं वाटत नाही. दोन्ही दोष आळशी लेखनाच्या माथी मारले जातात. लेखन आळशी आहेच, पण त्याला तसं वळण लागलं ते १९८४ च्या उन्हाळ्यात. त्याआधीचा काळ, म्हणजे महामंदीतले बसप्रवासाचे प्रेमपट, १९५६ च्या कायद्यानंतरचे आंतरराज्य महामार्ग, १९६९ ची मोटरसायकलवरची बंडखोरी, इथे बाजूला ठेवू.

१ जुलै १९८४ रोजी अमेरिकेत चित्रपटांसाठी पीजी-१३ ही नवी वयोश्रेणी लागू झाली. आजही वाद होतो तो याच निर्णयावर. त्या उन्हाळ्यात दोन मोठे चित्रपट साध्या पीजी (पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा) श्रेणीत आले होते. एकात छातीतून जिवंत हृदय उपटून काढतात, दुसऱ्यात छोटे राक्षस स्वयंपाकघरातल्या यंत्रांत भरडले जातात. पालक संतापले आणि पीजी व आर यांच्या मध्ये एक पायरी घालण्यात आली. म्हणजे तक्रार होती हिंसेची. किंमत मात्र मोजली ती तरुण मुलांच्या बोलण्या-वागण्यावरच्या चित्रपटांनी. आर श्रेणीत सतरा वर्षांखालच्या प्रेक्षकाला सोबत पालक किंवा मोठं माणूस लागतं. पीजी-१३ मध्ये दारावर कुणी अडवत नाही, कारण तो फक्त पालकांना दिलेला इशारा असतो. ज्यांच्यासाठी चित्रपट काढला त्यांनीच तिकीट काढायचं, तर निर्माता पीजी-१३ च मागणार.

आता त्या श्रेणीत काय बसतं ते पाहा. सर्वांत कडक इंग्रजी शिवी एकदा चालते, तीही लैंगिक अर्थाने नाही. त्याहून जास्त वेळा आली की आर, अपवाद फक्त परीक्षकांच्या दोन-तृतीयांश मतांनी. अमली पदार्थांचं सेवन दिसलं की किमान पीजी-१३. गोळीबार मात्र रक्त फारसं न दाखवता भरपूर चालतो. चार सतरा वर्षांची मुलं एका गाडीत दिवसभर बसली आहेत आणि अख्ख्या प्रवासात एकदाच शिवी देतात, हे ऐकताना जे खोटं वाटतं त्याचा उगम इथे आहे. मग त्या एका शिवीची जागाही ठरून जाते. बहुधा गाडी बंद पडते तेव्हा.

श्रेणीचा हा पेच रोड ट्रिपपुरता नाही. २०१२ मध्ये शाळेतल्या छळावरच्या एका माहितीपटाला भाषेमुळे आर मिळालं. अपील एका मताने फेटाळलं गेलं. चित्रपट आधी श्रेणीविना आणि मग काटछाट करून पीजी-१३ मध्ये आला. २०१८ मध्ये तेरा वर्षांच्या मुलीवरचा चित्रपट आर ठरला, तेव्हा वितरकांनी पन्नासही राज्यांत वयाची अट न लावता मोफत खेळ ठेवले. मेक्सिकोतून २००१ साली आलेला दोन सतरा वर्षांच्या मुलांचा रोड ट्रिपपट या प्रकारातला सर्वांत खरा. अमेरिकेत तो श्रेणीविनाच प्रदर्शित झाला. त्या वयाबद्दल खरं बोलणारा चित्रपट त्या वयाच्या मुलांपर्यंत सरळ पोहोचत नाही, आणि या व्यवस्थेला संरक्षण म्हणणं आम्हाला पटत नाही.

सप्टेंबर २००० मध्ये आणखी एक फास आवळला गेला. आर श्रेणीतले चित्रपट सतरा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून विकले जातात, असं एका सरकारी अहवालाने दाखवून दिलं. त्यानंतर जाहिराती आवरल्या गेल्या आणि थिएटरच्या दारावर ओळखपत्र काटेकोरपणे मागितलं जाऊ लागलं.

आता रस्त्याकडे वळू. पीजी-१३ लागू झाल्याच्या सोळा दिवसांनंतर, १७ जुलै १९८४ रोजी, मद्यपानाचं किमान वय २१ न करणाऱ्या राज्यांचा महामार्ग-निधी कापण्याचा कायदा झाला. पुढच्या चार वर्षांत सगळी राज्यं त्या रांगेत आली. १ जुलै १९९६ पासून फ्लोरिडाने टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणलं आणि ही पद्धत देशभर पसरली. फ्लोरिडात सोळा वर्षांच्या चालकाला रात्री ११ ते सकाळी ६, सतरा वर्षांच्याला रात्री १ ते पहाटे ५ गाडी चालवता येत नाही. सोबत २१ वर्षांवरचा लायसन्सधारक असेल किंवा कामावर जायचं-यायचं असेल, तरच सूट. कॅलिफोर्नियात पहिले बारा महिने वीस वर्षांखालचा प्रवासी बसवायचा तर गाडीत मोठं माणूस हवं. न्यू जर्सीत २०१० पासून अशा नवशिक्यांच्या नंबरप्लेटवर लाल पट्टी लावावी लागते.

भारतात मोटारीचं लायसन्स अठराव्या वर्षी मिळतं. त्यामुळे मराठी प्रेक्षक ‘तिकडे सोळाव्या वर्षी चालतं’ असं समजून पडद्यावरचं सगळं मान्य करतो. प्रत्यक्षात सोळा वर्षांच्या चालकाने चार मित्रांना घेऊन रात्रभर राज्यांमागून राज्यं ओलांडणं अनेक ठिकाणी बेकायदा आहे. भाड्याच्या गाडीलाही बहुतेक ठिकाणी किमान २० किंवा २१ वय लागतं, आणि २५ पर्यंत जादा आकार पडतो. म्हणून तर पटकथेत आजोबांची जुनी गाडी, आईची मिनीव्हॅन किंवा न विचारता उचललेली भावाची गाडी येते. अनेक मोटेल १८ किंवा २१ खालच्यांना खोली देत नाहीत, म्हणून तंबू, गाडीतली झोप किंवा अनोळखी प्रेमळ कुटुंबाचं घर. लेखकाला अडचण ठाऊक असते, तो ती दाखवण्याऐवजी वळसा घालतो. अकरा वाजता स्टेअरिंग सोडावं लागणारा चालक हा कथेला आयता मिळालेला ताण आहे. तो सहसा कुणी वापरत नाही, याची खरी चुटपुट लागते.

उदाहरणादाखल २०१५ चा ‘पेपर टाउन्स’ घ्या. ऑर्लँडोहून न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावी जायचं, जे १९३० च्या दशकात नकाशाची नक्कल पकडण्यासाठी छापलेलं खोटं गाव होतं. अंतर सुमारे १,९०० किमी. ताशी १०५ किमीने नुसतं चाकावर अठरा तास. मिनीव्हॅन गॅलनला २५ मैल देते असं धरलं तर ४७ गॅलन, म्हणजे सुमारे १८० लिटर पेट्रोल. टाकी ७५ लिटरची, म्हणजे भरून निघालं तरी वाटेत दोनदा भरावं लागणार. पाच जणांचे थांबे धरून एकवीस-बावीस तास होतात. वेळेचं गणित जुळतं. जुळत नाही ते शरीर. पहाटे तीन ते पाच ही डुलकीची वेळ असते आणि चालक वेळेवर बदलला नाही तर गाडी लेन सोडू शकते. पडद्यावर या प्रकारातली मुलं त्या वेळी बहुधा गाणी म्हणत असतात. शिवाय ऑर्लँडोतले प्रसंग प्रत्यक्षात नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट परिसरात चित्रित झाले, त्या राज्याची चित्रीकरणावरची करसवलत संपण्याच्या बेतात असताना. सवलत मिळेल त्या एकाच राज्यात अनेक राज्यांचा प्रवास उभा केला की झाडं, माती आणि पेट्रोल पंप सगळीकडे सारखेच दिसतात.

पात्रं पंचविशीची का दिसतात, याचंही उत्तर नियमांत आहे. कॅलिफोर्नियात १६-१७ वर्षांच्या नटाला दिवसाला सहा तास काम, तीन तास शाळा, एक तास विश्रांती, आणि दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर रात्री दहाला सुट्टी. रात्रीच्या गाडीतल्या दृश्यांचं शूटिंग यात बसत नाही, म्हणून अठरा ओलांडलेले नट घेतात. गाडी बहुतेकदा बुटक्या ट्रेलरवर चढवलेली असते. काचेवर प्रतिबिंब पडू नये म्हणून समोरची काच काढतात, आरसा आणि डोक्याचे टेकू काढतात. गाडी शेजारच्या वाहनांपेक्षा हातभर उंच दिसली आणि आरसा गायब असला तर ओळखावं. चालक बोलताना रस्त्याकडे पाहतच नाही, कारण त्याला पाहायची गरजच नसते. २०१९ नंतर गाडीभोवती रस्त्याचं चित्र दाखवणाऱ्या एलईडी भिंतींचा वापर वाढला आणि प्रतिबिंबं सुधारली, पण खड्ड्यांचे धक्के अजूनही वेगळे द्यावे लागतात.

शेवट आधीच कळण्याचा दोष २००५ नंतर पक्का झाला. त्या वर्षी आलेल्या एका पटकथालेखन-पुस्तकाने ११० पानांत पंधरा टप्पे पानांच्या आकड्यांसह बांधून दिले: बाराव्या पानावर निघण्याचं कारण, पंचावन्नला मध्यबिंदू, पंचाहत्तरला सर्व संपल्याची भावना, पंच्याऐंशीला सावरणं. एका पानाचा एक मिनिट धरला की गाडीतलं मोठं भांडण सव्वा तासाला येणारच. प्रवासाच्या कथेला हा साचा जास्त खटकतो, कारण खऱ्या प्रवासात अडचणी अंतराप्रमाणे येतात, पानांप्रमाणे येत नाहीत.

अलीकडे असे बरेच चित्रपट थेट ओटीटीवर येतात. तिथे थिएटरचं दार नाही, त्यामुळे पीजी-१३ चा आर्थिक धाकही उरलेला नाही. तरी पंचाहत्तराव्या पानावरचं भांडण टिकून आहे. दरम्यान १९८३ मध्ये सोळा वर्षांच्या ४६ टक्के अमेरिकन मुलांकडे लायसन्स होतं, ते २०१४ मध्ये जेमतेम २५ टक्क्यांवर आलं. लायसन्स नसलेल्या बहुसंख्य मुलांचा बसने, आगगाडीने किंवा कुणाच्या तरी आईच्या मागच्या सीटवरून होणारा प्रवास या चित्रपटांत क्वचितच येतो.